आत्याचा गाळा

११ ऑगस्ट, सोमवार
परवाची राखी अजून डोक्यात आहे. ओवाळून झाल्यावर आत्यानं ताट पुढं केलं, तर पप्पांनी पाकीट टाकलंच नाही. म्हणाले, "ताई, औंदा पाकीट न्हाय. बिल्डिंग उभी ऱ्हायली की खालचा एक गाळा तुझा. रोडवरचा. बस्स." आत्या तिथंच रडायला लागली. बिबवेवाडीतलं तिचं फॉल-पिकोचं दुकान भाड्याचं. मालक दर दिवाळीला निघा म्हणतो. काका गेल्यापासून तेवढाच आधार. मीपण रडले. आई म्हणाली, आधी नारळीभात खा, मग रडा.
आज कॉन्ट्रॅक्टचं लेक्चर. मॅडम फॉर्मात. "नवरा म्हणाला, रविवारी सिनेमाला नेतो. नेलं नाही. करार मोडला का?" वर्ग खिदळतोय. "मोडला नाही. कारण नव्हताच. घरातल्या शब्दाची कोर्ट सहसा दखल घेत नाही. ती घरातल्यांनी घ्यायची असते."
लिहून घेतलं. शेजारी स्मायलीपण काढली.

१८ ऑगस्ट
वकिलांकडून हक्कसोडपत्र आलं. बिल्डिंगची जमीन आजोबांची, त्यामुळे निम्मा हिस्सा आत्याचा. बिल्डरला सह्यांची भानगड नको, एकच मालक हवा. आमच्याकडं बहिणी सोडतातच हक्क. सही करायची, साडी-चोळी घ्यायची, माहेर राखायचं. गावात एकीनं सोडला नव्हता, तिला अजून कुणी हळदीकुंकवाला बोलवत नाही.
आत्या म्हणाली, "स्नेहलनं वाचून दाखवलं की करते सही." पप्पा खूश. "घरची वकील हाय आपली. फुकाट." खोटं कशाला लिहू, मी फुगले. अकरावी-बारावीला मी आत्याकडंच होते. तिनं डबे केले, पेपरच्या आदल्या दिवशी डोक्याला तेल लावलं. तिला वाटतं मी जगातली सगळ्यात हुशार मुलगी आहे.
वाचलं. आवाज अगदी कोर्टातला काढून. मध्ये एकदाच तिनं थांबवलं. "गाळ्याचं कुठं आलं ग यात?"
आलं नव्हतं. 'प्रेमापोटी, विनामोबदला, कायमस्वरूपी' एवढंच. पप्पा समोर बसलेले, माझ्याकडं बघत. मी म्हटलं, "आत्या, घरात कुणी लिहून घेतं का? पप्पा बोललेत ना सगळ्यांसमोर."
"तसं नव्हे ग. आपलं विचारलं."
थोडी लाजलीच बिचारी.

२१ ऑगस्ट
झालं. नोंदणी कार्यालयात ही गर्दी, एकच पंखा. आत्या नवी पर्स घेऊन आली होती. अंगठा, फोटो, सही. एक साक्षीदार आलाच नाही, त्याची म्हैस आजारी. पप्पा म्हणाले, "तूच कर की." केली. साक्षीदार म्हणून माझी सही! कायद्याच्या कागदावर पहिली. सहीचा फोटो काढून स्टेटसला टाकला. ढीगभर हार्ट आले.
मग थाळी जेवलो. आईनं हॉटेलातच आत्याला हळदीकुंकू लावून साडी दिली, हिरवी, मोरपंखी काठाची. आत्या म्हणाली, "फॉल मीच लावीन. लोकांच्या लावून लावून हात मोडले, आता माहेरची."
येताना कात्रजला उतरून मस्तानी प्यायलो. छान दिवस.

८ सप्टेंबर
गणपती संपले, अभ्यास नाही, पोट बिघडलंय.
गेल्या आठवड्यात शिकवलं की जवळच्या नात्यात, प्रेमापोटी, लिहून आणि नोंदणी करून दिलेलं असेल तर मोबदला नसला तरी चालतं. म्हणजे आत्यानं दिलं ते पक्कं. आणि पप्पांनी दिलं ते हवेत. प्रेमापोटी दोन्ही.
आज मुक्त संमती. अनुचित प्रभाव. मॅडम म्हणाल्या, "धाक लागत नाही. गळ्यावर सुरी लागत नाही. समोरच्याचा आपल्यावर विश्वास आहे आणि आपण तो वापरला, की झालं. गुरू-शिष्य, डॉक्टर-रुग्ण, वकील-अशील."
मागून कोणीतरी विचारलं, "आणि भाची?" नाही, कुणी नाही विचारलं. माझ्याच डोक्यात आलं. पुढचं काही लिहून घेतलं नाही.

१७ सप्टेंबर
बिल्डरचा नकाशा घरच्या ग्रुपवर आला. खाली रोडला एकच मोठा चौकोन, त्यात 'बँक'. मी विचारलं, आत्याचा गाळा कुठला? पप्पा चहा ढवळत बसले. म्हणाले, "बँक सगळाच फ्रंट मागतीय. असं गिऱ्हाईक परत घावतंय व्हय? ताईचं बघू की फुडच्या फेजला."
पुढची फेज म्हणजे ओढ्याकडची. तिथं अजून बाभळी आहेत.

२८ सप्टेंबर, रविवार
भांडण झालं. मोठं. सुरुवात मी केली.
म्हटलं, तुम्ही राखीला शब्द दिलात. "दिला की. मोडला कुठं? थांबा म्हणलोय." मी म्हटलं, मग आत्ता लिहून द्या. त्यावर पप्पा इतक्या शांतपणे बोलले की अजून कानात आहे. "घरात कुणी लिहून घेतं का? तूच म्हणलीवती."
तोंडात मारल्यासारखं झालं.
मग चढला आवाज. माझी फी, माझा लॅपटॉप, कुणासाठी करतोय मी हे सगळं. आई मध्ये पडली, "नवरात्राचं घरात कलकल नको." पप्पा वाईट नाहीत. हे मला लिहून ठेवायचंय, कारण आज मला ते वाईट वाटले. आजोबा गेल्यावर धाकट्या बहिणीचं, आत्याचं लग्न त्यांनीच केलं, स्वतःचं शिक्षण सोडून. त्यांना खरंच वाटतं की ते देणार आहेत. कधीतरी.
आणि मी? मी काय सोडून काय केलं? कोर्टातला आवाज काढला.

४ ऑक्टोबर
लेक्चरनंतर मॅडमना गाठलं. म्हटलं, मॅडम, माझ्या एका मैत्रिणीच्या आत्याचं...
"मैत्रिणीच्या," मॅडम म्हणाल्या. "बरं. बोला."
सगळं सांगितलं. मॅडम पाण्याची बाटली पिशवीत भरता भरता ऐकत होत्या. म्हणाल्या, कागद मोडता येतो का, तर अवघड आहे पण येऊ शकतो. मुदतीत गेलं पाहिजे, आणि मोडायचा की नाही हे फक्त आत्यांनी ठरवायचं, दुसऱ्या कुणी नाही. "पण सही करताना गाळ्याचा भरवसा दिला होता, त्यावर विसंबूनच सही केली, हे सांगणारं कुणीतरी लागेल. कागद वाचून कुणी दाखवला?"
मी म्हटलं, मैत्रिणीनं.
"आणि साक्षीदार कोण?"
मी वही पिशवीत घातली.
"मग तुमच्या मैत्रिणीला सांगा, वडिलांच्या विरोधात पिंजऱ्यात उभं राहायची तयारी ठेवा. नसेल, तर आत्यांना उगाच आशा लावू नका. एकदा लावलीय, तेवढी पुरे." आणि गेल्या. अशा बाईला खडूस म्हणतात. पण एक शब्द खोटा नाही.
ते स्टेटस आता कुणाला दिसत नसेल. फोटो आहे गॅलरीत. डिलीट करवत नाही.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज
आत्या आली. बसनं, करंज्यांचा डबा घेऊन. मला वाटलं हिरवी साडी नेसून येईल. जुनीच मरून नेसली होती.
ओवाळलं. यंदा पाकीट होतं, जाड. आत्यानं ते न बघता पर्समध्ये ठेवलं. जेवताना म्हणाली, "दादा, मालकानं या वेळी खरंच निघा म्हणून सांगितलंय. फेब्रुवारीपर्यंतच." पप्पांनी तिच्या पानात अजून एक पुरी वाढली. म्हणाले, "काय लागलं सवरलं तर मी हाय की, ताई." ती म्हणाली, "तू आहेसच रे." नंतर दोघं लहानपणीच्या विहिरीचं बोलत बसले, हसले पण. मी ताटं उचलायला उठले.
निघताना मी विचारलं, साडीला फॉल लावलास का? "वेळ कुठंय ग, लोकांचंच संपत नाही."

२६ ऑक्टोबर, रविवार
गेले बिबवेवाडीला. सांगितलं. सगळं.
दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. आत्या पिकोच्या मशिनवर, मी खाली पाटावर, बारावीत बसायचे तशी. म्हटलं, आत्या, माझं चुकलं. तू गाळ्याचं विचारलंस तेव्हा मला कळलं होतं की ते यात यायला हवं. पप्पा बघत होते, म्हणून आणि मला फार कळतं असं दाखवायचं होतं म्हणून, मी तुला गप्प केलं. कागद अजून मोडता येईल कदाचित. मी साक्ष देईन.
तिनं मशीन थांबवलं. म्हणाली, "मला वाचता येतं ग. चौथीपर्यंत का होईना, शिकलेय. कायमस्वरूपी म्हणजे काय ते कळतं."
"मग सही का केलीस?"
"कागद वाचून नाही केली. तुझं तोंड बघून केली."
मी रडत होते. तिनं पदरानं माझं नाक पुसलं, पाचवीतल्या पोरीचं पुसावं तसं. मग म्हणाली, "आताही तूच सांग. केस कर म्हणालीस, करते. गप बस म्हणालीस, बसते. तू शिकलेली. तू सांगशील तसं."
तेच. पुन्हा तेच! मी आता काहीही सांगितलं तरी ते माझंच होणार, तिचं नाही. केस कर म्हटलं तर मी तिचं माहेर तोडणार. गप्प बस म्हटलं तर तिचा गाळा मी दुसऱ्यांदा घालवणार. मुक्त संमती कशी द्यायची असते हे पाठ आहे मला, दुसऱ्याकडून ती कशी घ्यायची ते नाही.
म्हटलं, आत्या, विचार करून सांगते. तिनं डब्यात उरलेल्या करंज्या भरून दिल्या.
फळीवर हिरवी साडी होती, प्लास्टिकमध्ये. दुकानातून आणली तशीच.

३० ऑक्टोबर
अभ्यास शून्य. पप्पांनी जेवताना विचारलं, "ताईकडं गेलीवतीस व्हय? काय म्हणत हुती?" म्हटलं, करंज्या दिल्यात. ते माझ्याकडं बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "लई विचार नको करू." त्यांनाही झोप नाही, हे मला दिसतंय. विचारायची हिंमत होत नाही, की पप्पा, तुम्हाला नक्की कसली भीती वाटते. बँक जायची, की मी.

१ नोव्हेंबर
दुपारी आत्याचा फोन. मागून मशीनचा आवाज येत होता.
"काय ठरवलंस ग?"
मी तयारी करून ठेवली होती. म्हटलं, आत्या, हे तूच ठरवायचंस. जमीन तुझी, सही तुझी, भाऊ तुझा. तू जे ठरवशील त्यात मी तुझ्यामागं उभी आहे. पण ठरवायचं तू.
मशीन थांबलं.
"कागद वाचलास तेव्हा असं नाही म्हणालीस," ती म्हणाली.
रागानं नव्हतं. मग कुणीतरी गिऱ्हाईक आलं, तिनं फोन न ठेवताच त्या बाईला ब्लाउजपीसचं विचारलं, आणि मी तशीच कानाला लावून बसले.