वळणावरची रेष

३ फेब्रुवारी

ती. आत्यास,
ठकीचा साष्टांग नमस्कार.

या वयात तू गाडी शिकते आहेस हे वाचून ऑफिसात एकटीच हसले. शिकवणाऱ्याचा पाय ब्रेकवरून हलतच नाही म्हणतेस, त्यात त्याचा काय दोष?

माझ्या जिवाला मात्र घोर लागलाय. मी नेमकं काय करते ते तू नेहमी विचारतेस. चिपचा आराखडा संगणकावर काढतात आणि मग प्रकाशाने सिलिकॉनच्या चकतीवर छापतात. रेषा इतक्या बारीक की काढल्या तशा उमटत नाहीत. कोपरे गोल होतात, कुठे रेष आवळते, कुठे शेजारणीला चिकटते. छापल्यावर काय दिसेल ते आधीच बघून सांगायचं, ही माझी नोकरी.

ज्यांनी मला हे शिकवलं ते आमचे मास्तर उन्हाळ्यात निवृत्त होतील. ही त्यांची शेवटची चिप. त्यांनी स्वतः काढलेल्या भागात एक रेष वळणावर तुटेल असं मला दिसतंय. नेहमीच्या तपासणीत तो भाग पास झालाय, आणि प्रकाश जरा कमीजास्त झाला तरच ती तुटते. महिनाअखेरीला आराखडा कारखान्यात जायचाय. थांबवला तर कारखान्यातला आमचा छपाईचा नंबर हुकेल, आणि गप्प बसले तर कदाचित काही होणारही नाही. कोणत्या तोंडाने सांगू त्यांना?

तुझी,
ठकी

९ फेब्रुवारी

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

मी नर्स होते तेव्हा वॉर्डात मोठ्या डॉक्टरांची चूक दाखवायची वेळ माझ्यावरही यायची. मी त्यांना बाजूला बोलावून सांगायचे. कुणी डोळे वटारायचे, कुणी चहा पाजायचे. पेशंट मात्र दोन्हीकडे वाचायचा. तेव्हा चारचौघांत बोलू नकोस आणि उगाच पाल्हाळ लावू नकोस. जे दिसलं ते दाखव आणि गप्प राहा. ते रागावले तर रागावू देत. आणि जेवण टाकू नकोस. तुझं पोट बिघडलं की अक्षर बिघडतं, ते याही पत्रात दिसलंच.

काल गाडी मागे घेताना शेजारच्या वकिलांचं फाटक जरा वाकलं. वकील घरी नव्हते. ते यायच्या आत मीच सरळ करून ठेवलं, पण आता ते कुरकुरतं.

माया आहेच, खुशाली कळवत राहा.
आत्या

१ मार्च

ती. आत्यास,
सा. नमस्कार.

सांगितलं. मास्तरांनी पडद्यावर ते वळण बघितलं आणि उठून थेट घरी गेले. दुसऱ्या दिवशी खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसले आणि प्रकाश कमी करून पुन्हा दाखव म्हणाले. रेष तुटली. त्यांनी स्वतःच वळण रुंद केलं, तर शेजारची रेष अडचणीत आली. ती सरकवली तर तिसरी. दिवस मावळेपर्यंत आम्ही दोघं भांडत, हसत ते सोडवत होतो. नंबर हुकलाच. वरच्यांची बोलणी मास्तरांनी एकट्याने खाल्ली आणि माझ्यापर्यंत काही येऊ दिलं नाही.

तुझीच,
ठकी

१२ जून

ती. आत्यास,
सा. नमस्कार.

चिप आली आणि पहिल्याच दिवशी चालू झाली. आता मास्तरांची गंमत ऐक. चाचणीच्या चकतीवर प्रत्येक चिपच्या कोपऱ्यात त्यांनी मला न सांगता आपली जुन्या वळणाची आकृतीही छापून घेतली होती. मी चुकले असेन तर बरं, असंही त्यांना वाटलं असेल, कोण जाणे. चकतीच्या कडेकडेला, जिथे प्रकाश कमीजास्त होतो, तिथे रेष त्याच वळणावर तुटलेली निघाली.

त्यांनी सूक्ष्मदर्शकातून तिचा फोटो काढून मोठा केला आणि नवीन लोक जिथे शिकतात त्या खोलीत लावला. फोटोखाली रेष काढणारा म्हणून स्वतःचं नाव लिहिलं आणि चूक पकडणारी म्हणून माझं. निरोपाच्या दिवशी भाषण टाळून ते सगळ्या नव्यांना त्या फोटोपुढे घेऊन गेले. आपण कसे चुकलो ते त्यांनी रंगवून सांगितलं आणि पुढे काही अडलं तर हिला विचारा म्हणाले. मी दोन शब्द पाठ करून गेले होते, ते सोडून नव्यांना वळण कसं रुंद केलं तेच सांगत बसले. मग त्यांनीच मला पाणी आणून दिलं.

तुझी माया अशीच असू दे, ही विनंती.
ठकी