खालचा थर

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली की तुझा आवाज आठवायचा म्हटलं तर आधी तुझं एखादं वाक्य आठवावं लागतं. सगळ्यात आधी येतं ते माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशीचं. तू मला स्वयंपाकघरात बोलावलंस, दार लोटलंस आणि पदराखालून एक पितळी कुलूप काढून माझ्या हातावर ठेवलंस. दोन किल्ल्या होत्या. "दोन्ही तुझ्यापाशीच ठेव," म्हणालीस. "नवरा चांगला हाय, लई चांगला हाय. म्हणूनच सांगते." बाकीच्या मुलींना त्यांच्या आया लग्नात काय देतात मला माहीत नाही. तू मला संशय दिलास आणि मी तो जिवापाड सांभाळला.

तू तसं का म्हणालीस हे मला न सांगता कळलं होतं. पोलीस ॲक्शननंतर नवाबी संपली, शेरवान्या शिवून घेणारी माणसं कमी झाली, बाबांचं सिटी चौकाजवळचं दुकान बसायला आलं, तेव्हा तू घरात मुलींचे फ्रॉक आणि शाळेचे सदरे कापायला लागलीस. तू कापायचीस, बाबा शिवायचे. दोनाच्या पाच मशिनी झाल्या. गिऱ्हाईक म्हणायचं, टेलरसाहेबांचा हात काय सफाईचा! हात तुझा होता. तुझे पुठ्ठ्याचे फर्मे, म्हणजे कापडावर ठेवून कडेनं खडूची रेघ मारायचे ते साचे, पत्र्याच्या पेटीत असायचे. मी नऊ-दहा वर्षांची असेन. एका दुपारी बाबा घरी आले आणि म्हणाले, "पोरी, पेटीतले फर्मे दे जरा." मी दिले. तुला कळलं तेव्हा तू माझ्या थोबाडीत मारलीस. "मागितले म्हणून दिलेस? माझे हात तोडून दिलेस की गं!" त्याच आठवड्यात बाबांनी दुकानात कटिंग मास्टर ठेवला. तू बाबांशी भांडलीस, पण त्यानंतर कात्री धरली नाहीस. बाबा तुला एवढंच म्हणाले, "आता आराम कर." आराम हा शब्द मला तेव्हापासून शिवीसारखा वाटतो.

तुझ्या जावयांनी आणि मी पैठण गेटजवळच्या एका खोलीत शाळेचे गणवेश शिवायला घेतले ते तू पाहिलंस. मी कापायचे, हे शिवायचे. कपभर चहा दोघांत, कप त्यांना, बशी मला. दर रविवारी हे माझी कात्री स्वतः धार लावून आणायचे. मग एक शाळा, मग चार शाळा, आणि तू गेल्यानंतर चिकलठाण्याला पत्र्याची शेड. बावीस मशिनी, बावीस बाया. पण कटिंग टेबल माझंच. माझे फर्मे पेटीत, पेटीला तुझं कुलूप, दोन्ही किल्ल्या माझ्या कमरेला. हे कधीतरी हसून म्हणायचे, "सासूबाई गेल्या, पण पहारा ठेवून गेल्या." मी हसायचे नाही.

मग यांनी सिल्लोडचा एक कटिंग मास्टर आणला. पन्नाशीचा, मवाळ बोलणारा माणूस. "काम वाढलंय, तुला मदत," हे म्हणाले. मी त्याच्याकडे बघितलं आणि मला आपलं सिटी चौकातलं दुकान दिसलं. तो मला भाभी म्हणायचा, माझ्या टेबलाला हात लावायचा नाही, कोपऱ्यातल्या छोट्या टेबलावर काजं-बटणांच्या खुणा करत बसायचा. एवढ्याशा कामाला मास्टर कशाला लागतो?

मी डोळे उघडे ठेवले. मी आत आले की दोघांचं बोलणं थांबतं. मी दुपारी जेवायला घरी जाऊन येते तेव्हा पेटीतले फर्मे हललेले असतात. मी ते लहान माप वर, मोठं खाली असे लावून ठेवते, आणि तीस नंबर अठ्ठाविसाच्या वर निघतो. कुलूप तर लावलेलं! कापडाचा तागा मी हिशेबानं फाडते, तरी तो आधीच संपतो. यांना विचारलं तर म्हणतात, "मिलनंच कमी पाठवलं असेल." आणि दर गुरुवारी मास्टर घरी जाताना एक गाठोडं घेऊन एस.टी.त बसतो. ते गाठोडं यांनी स्वतः बांधलेलं मी पाहिलं. मला सगळं लख्ख कळलं. सिल्लोडला दुसरं युनिट निघतंय. फर्मे माझे, कापड आपलं, आणि एक दिवस मला सांगण्यात येईल, आता आराम कर.

मी भांडले नाही. तू भांडली होतीस, त्याचं काय झालं? एका शुक्रवारी सकाळी बहिणीकडं जाते असं सांगून मी सिल्लोडची एस.टी. धरली. वाटेत ठरवत होते काय बोलायचं ते. मास्टरचं घर शोधायला वेळ लागला नाही, तिथं सगळे त्याला ओळखत होते. तो शेडवर कामाला गेलेला, घरी त्याची बायको. ओट्यावर मशीन, आणि मशीनशेजारी आपल्याच गणवेशाचं निळं कापड. मी चप्पलही काढली नाही. "आमचा माल तुमच्या घरात कसा?"

तिनं पाय पायडलवरून काढला. घाबरली नाही, पण तिचं तोंड उतरलं. "भाभी, तुमी बसा आधी."

"बसायला नाही आले. कुणी दिला हा माल? माझ्या नवऱ्यानं?"

"व्हय. भाईसाबनंच दिला."

"किती दिवस चाललंय?"

ती उठली, आतून कापलेल्या तुकड्यांची, जशीच्या तशी ठेवलेली एक अख्खी चळत आणली आणि माझ्यापुढं ठेवली. "भाभी, मैं क्या बोलूँ? ये आपकेच हाथ के हैं. तुमीच बघा."

वरच्या तुकड्यावर माझी खडूची खूण होती. बत्तीस नंबरचा सदरा, बाही जोडायच्या मुंढ्याची गोलाई जशी हवी तशी. मी खालचा उचलला, त्याच्या खालचा, आणि एकावर एक धरले. दर थर वरच्यापेक्षा थोडा आत. आठवा थर अर्धा इंच लहान होता. आई, तू मला शिकवलं होतंस की थरावर थर घालून कापताना कात्री उभी राहिली पाहिजे, कलली की खालचं कापड खाते. माझी कलत होती. उजव्या अंगठ्याला वर्षभर मुंग्या येत होत्या, बधिर व्हायचा, ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. मला फक्त वरचा थर दिसत होता आणि तो कायम बरोबर होता.

मास्टर मी जेवायला गेले की खालचे थर काढून, पेटीतले फर्मे लावून नव्या कापडाचे कापायचा आणि चळतीत घालून ठेवायचा. जे लहान पडले त्यातून त्याची बायको लहान इयत्तांच्या पोरांचे सदरे काढायची, म्हणजे कापड वाया जायला नको आणि शेडवरच्या बायांना कळायला नको. हे सगळं तिनं मला तुटक तुटक सांगितलं. मग चहा केला. मी तो प्याले. परतीच्या एस.टी.त खिडकीशी बसून मी अंगठा दाबून पाहत होते, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता.

दुसऱ्या दिवशी शेड उघडायच्या आधी मी टेबलावर आठ थर अंथरले, यांना समोर उभं केलं आणि कापले. मग सगळी चळत उलटी केली. मी विचारलं, "कधीपासून माहीत होतं?"

"दिवाळीच्या आधीपासून."

"किल्ली?"

"शहागंजातून करून घेतली."

"मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तू मास्टरला हाकललं असतंस आणि कात्री अजून घट्ट धरली असतीस. तुझ्या आईचं काय झालं ते तू मला दहादा सांगितलंयस. माझी हिंमत नाही झाली, खरंच." त्यांचा आवाज कापत होता. मला त्यांची दया आली आणि त्याच वेळी वाटलं, तिसरी किल्ली करून घेणाऱ्या माणसाचा आवाज किती सहज कापतो!

मी म्हणाले, "कात्री मी देईन. पण ती तुम्ही काढून घेतली, असं होता कामा नये." बाया आल्यावर सगळ्यांच्या देखत मी मास्टरला टेबलाशी बोलावलं आणि सांगितलं, आजपासून कटिंग तुमचं. तो खाली मान घालून म्हणाला, "भाभी, फर्मे तुमचेच राहतील." त्याच्या बायकोला मी शेडवर तेविसावी मशीन दिली. मी स्वतः शाळांमध्ये जायला लागले, पोरांची मापं घ्यायला, मुख्याध्यापकांशी बोलायला. तिथं अंगठा बधिर असला तरी चालतं, डोळा लागतो, आणि तो माझ्याकडं होताच. जालन्यापर्यंतच्या शाळा मी आणल्या. शेडच्या मागं दुसरी शेड झाली. लोक म्हणतात, नवरा-बायकोनं मिळून केलं. खरंच मिळून केलं.

पण तुला लिहायला बसले ते यासाठी नाही. हल्ली मला एक गोष्ट आठवायला लागली आहे. तू कापायचीस त्या शेवटच्या वर्षी चुलीपाशी बसून तू उजवा अंगठा खोबरेल तेलानं चोळायचीस. रोज. मी विचारलं की म्हणायचीस, "नाय काही, गारठा हाय." उन्हाळ्यातसुद्धा गारठा. तूही चार-चार थर एकदम कापायचीस. आई, तुझे खालचे थर कसे होते? बाबांनी तुझे फर्मे पळवले, की तुझी चूक पोटात घातली आणि त्यांना बोलता आलं नाही? तुला कळलं होतं का? कळूनही तू मला ते कुलूप दिलंस का? मी आयुष्यभर बाबांवर संशय घेतला. आता तुझ्यावर घेते आहे, आणि उत्तर द्यायला दोघांपैकी कुणी नाही. कदाचित बाबा खरोखरच स्वार्थी असतील. कदाचित दोन्ही गोष्टी खऱ्या असतील. माझ्या नवऱ्याच्या बाबतीतही मला पूर्ण खात्री कधी झाली नाही, आणि पन्नास वर्षं आम्ही सुखानं राहिलो.

हे लिहीत असताना हे आत आले. मी कागद पालथा घातला. त्यांनी पाहिलं, चष्मा घेतला आणि काही न विचारता बाहेर गेले. मी असते तर विचारलं असतं. आता मी इथं पेन धरून बसले आहे आणि खरं सांगू का, त्यांनी का विचारलं नाही, याचाच मला संशय येतो आहे.