कारेन पणजीची भाषा

सौ. आईस, तुझ्या आसावरीचा नमस्कार.

आम्ही सगळे मजेत आहोत. तुझा गुडघा आता कसा आहे?

तुझ्या जावयाच्या, एरिकच्या पणजीचा माग काढत आम्ही नेब्रास्काला जाऊन आलो. ही कारेन लग्न होऊन डेन्मार्कहून आलेली. तिचं घर आता नाही, पण एरिकची म्हातारी आत्या भेटली. म्हणाली, “शेवटच्या आजारात आजी इंग्रजी विसरली. डॅनिशमध्ये सारखं काहीतरी मागायची. आम्हाला कुणालाच कळायचं नाही.”

मला पुढे ऐकवेना.

परतताना गाडीत आपल्या अनिकाने माझा हात धरला आणि चक्क मराठीत म्हणाली, “आई, तू मागशील ते मी समजेल.”

शनिवारी फोनवर तिच्याशी मराठीतच बोल. अडखळली तरी थांब तिच्यासाठी.

तुझीच,
आसावरी