एक वीत डावीकडे

५ जानेवारी

सहापट! माझ्या पगाराच्या सहापट! मॅनेजरांनी आज तो आकडा आमच्या संघातल्या पिल्लूपुढे ठेवला आणि ती वीस वर्षांची पोर काय म्हणाली? "विचार करून सांगते."

विचार! कसला विचार? अकरा वर्षांपूर्वी मॅनेजरांच्या त्याच खोलीत, त्याच डुगडुगत्या टेबलावर माझ्यापुढे कागद सरकवला होता. मी आकडा वाचलासुद्धा नाही. आधी पेन शोधलं. मॅनेजरांचे आभार मानले, चहा आणणाऱ्या शिपायाचेही मानले. आणि ही बया पाय हलवत बसून विचार करणार!

तिचा एजंट दाराबाहेर उभा होता. कडक इस्त्री, दोन हातांत दोन फोन. मला म्हणतो, "बाजार चढलाय, मॅडम. दुसरे क्लब तरुण पोरी पळवायला टपलेत. हॉकीत आता कुठे पोरींना किंमत आलीय."

म्हणजे आम्ही इतकी वर्षं फुकट खेळलो का? — हो, जवळजवळ फुकटच.

६ जानेवारी

राग उतरलेला नाही.

९ जानेवारी

आज क्लबचं गोलांचं पत्रक भिंतीवर लागलं. पिल्लू पहिली. चौतीस पेनल्टी कॉर्नर, चौदा गोल. अख्ख्या लीगमध्ये असा हिशोब दुसऱ्या कुणाचा नाही.

बरं. हे चौदा गोल होतात कसे? कुणी विचारत नाही, म्हणून इथेच लिहिते. कॉर्नर मिळाला की गोलाजवळच्या रेषेवरून मी चेंडू ढकलते. समोर वर्तुळाच्या टोकाला आमची एक जण तो अडवते. पिल्लू तो स्टिकनं ओढत नेते आणि गोलात भिरकावते. सगळा मिळून दीड-दोन सेकंदांचा खेळ. चौदाच्या चौदा चेंडू माझ्या हातून गेलेले! पत्रकात माझ्यासाठी रकानाच नाही.

आणि पत्रकात नसलेली आणखी एक गोष्ट: एक वीत. पिल्लूचं शेवटचं पाऊल आखूड पडतं. तिला स्वतःलाही ते माहीत नाही. म्हणून तिला चेंडू नेहमीच्या जागेपेक्षा एक वीत डावीकडे लागतो. ती आली त्या पहिल्याच आठवड्यात मला हे दिसलं, आणि तेव्हापासून मी तिच्या बुटाकडे बघून चेंडू ढकलते. अडवणारी काय, चेंडू येईल तिथे स्टिक टेकवते. कुणाला सांगितलं नाही. सांगायचं असतं हेच सुचलं नाही.

१२ जानेवारी

मॅनेजरांनी बोलावलं. माझाही करार मार्चमध्ये संपतोय. "पैसे आहेत तेवढेच आहेत. आधी पिल्लूचं ठरू दे, मग उरेल त्यात तुझं बघू."

उरेल त्यात! मी काय पंगत उठल्यावर बसणारी?

पुढचं ऐक, बाई रोजनिशी. "तोवर नवीला चेंडू ढकलायला तयार कर. तुझ्यासारखं मोठं मन कुणाचं नाही." नवी म्हणजे ज्युनियर संघातून आलेली अठरा वर्षांची मुलगी. गरीब स्वभावाची, सारखी नखं खाते. तिच्यावर राग नाही. पण माझ्या जागेवर बसवायचं माणूस मीच घडवायचं! मन मोठं म्हणे. मन मोठं असलं की आकडा लहान चालतो, असं दिसतंय.

१५ जानेवारी

शिकवलं. पाय कुठे ठेवायचे, कंबर किती वाकवायची, मनगट कधी सोडायचं. सगळं मन लावून शिकवलं. पोर हुशार आहे, तिसऱ्या दिवशी चेंडू दोरी लावल्यासारखा जायला लागला. जिथे पुस्तकात लिहिलंय बरोब्बर तिथे.

"अजून काही, ताई?" म्हणाली.

"नाही. एवढंच."

१६ जानेवारी

आई म्हणते, "तुझे बाबा एकाच कारखान्यात तीस वर्षं होते. कधी पगार वाढवून मागितला नाही." म्हणूनच वाढला नाही, आई! हे तिला तोंडावर म्हणाले.

२५ जानेवारी

आजच्या सामन्यात माझ्याऐवजी नवीनं ढकललेले तीन कॉर्नर. तिन्ही वाया. पिल्लूचा एक चेंडू तर गोलावरून जाऊन मागच्या कुंपणाच्या जाळीत अडकला. मी मैदानातच होते, मध्यावर. हसले नाही. पण बरं वाटलं, खोटं कशाला लिहू?

८ फेब्रुवारी

चार सामने, अकरा कॉर्नर, एक गोल. कोच डोकं खाजवतायत. पिल्लूची पकड बदलून झाली, स्टिक बदलून झाली. आता येतील मॅनेजर माझ्या दाराशी, "तूच ढकल बाई" म्हणत. येऊ देत. या वेळी मी आकडा वाचणार आहे!

१० फेब्रुवारी

आले नाहीत, बोलावलं. खुशीत होते. इतके खुशीत मी त्यांना कप जिंकला तेव्हाही पाहिलं नव्हतं. "पोरीची हवा गेली बघ. तिचा आकडा निम्म्यावर आणलाय. एजंटची बोलतीच बंद!" आणि माझं? एक वर्ष. जुनाच पगार. "तुझ्याकडे दाखवायला गोल नाहीत ना."

मी कुणाला धडा शिकवायला गेले आणि फटका कुणाला बसला! आणि फायदा कुणाचा झाला? यांचा! माझी खोडी त्यांनी स्वतःच्या खिशात घातली.

कपडे बदलायच्या खोलीत पिल्लू एकटीच होती. एका पायात बूट, दुसरा हातात. फोनवर स्वतःचाच खेळ पुन्हा पुन्हा बघत होती.

"ताई, माझं काय बिघडलंय गं?"

मी बॅगेची चेन लावत बसले. लागलेली चेन उघडून परत लावली. ती म्हणाली, "फिजिओ म्हणतात, या फटक्यानं पाठ झिजते. माझ्याकडे पाच-सहा वर्षं आहेत फार तर. तेवढ्यात काय कमवायचं ते कमवायचं. म्हणून मी हट्ट धरला होता. आता वाटतं, आधीच सही करायला हवी होती."

पाच-सहा वर्षं. आणि मी सहापट-सहापट करत बसले होते.

११ फेब्रुवारी

सांगणार होते. नाही सांगितलं.

१२ फेब्रुवारी

सांगितलं. सरावानंतर, पाण्याच्या टाकीपाशी. वीत, बूट, नवीला काय शिकवलं, काय नाही — सगळं.

तिनं टाकीचा नळ घट्ट बंद केला. मग म्हणाली, "मला वाटलं मी संपले, ताई. वीस वर्षांची असताना संपले." आणि निघून गेली. स्टिक तिथेच विसरली. आजवर कधी विसरली नव्हती.

मला स्वतःची इतकी चीड कधी आली नव्हती.

१६ फेब्रुवारी

एजंटचा फोन. "हे मॅनेजरांसमोर सांगाल का?" आवाजात नेहमीचा तोरा नव्हता. मग त्यानंच सांगितलं की माझ्या करारात एक कलम आहे: संघाचं जाणूनबुजून नुकसान केलं तर क्लब हात झटकू शकतो. अकरा वर्षं झाली, कलम मी आज पहिल्यांदा ऐकलं. परक्याच्या तोंडून!

आई म्हणाली, "गप्प बस. तुझं खरं बोलणं घरमालक भाड्यात धरणार आहे का?" तिचंही चुकीचं नाही.

१८ फेब्रुवारी

गेले. तेच टेबल, अजून डुगडुगतंय. एका बाजूला मॅनेजर, समोर पिल्लू आणि एजंट. मी उभीच. सांगून टाकलं.

मॅनेजर हसले. "एका वितीनं कुठे गोल अडतात?"

"मग चला मैदानावर."

आले, चकचकीत बूट घालून, नुकतं पाणी मारलेल्या टर्फवर. गोलकीपरला आणि अडवणारीला जेवणावरून उठवून आणलं, दोघी कुरकुरत होत्या. आधी पुस्तकातल्या जागेवर दहा चेंडू ढकलले. दोन गोल. मग एक वीत डावीकडे दहा. आठ! शेवटच्याला तर गोलकीपरनं स्टिकच खाली टाकली. पिल्लूनं सगळा वेळ माझ्याकडे बघितलं नाही. पण मी वाकले की तिचा पाय जागच्या जागी रोवला जायचा, पूर्वीसारखा.

मॅनेजर लालबुंद. "म्हणजे तू क्लबला फसवलंस!"

"फसवलं," म्हटलं. "आणि तुम्ही? हिच्या गोलांवर तिकिटं विकलीत, माझ्याकडून फुकटात शिकवून घेतलंत, आणि मला म्हणता दाखवायला काही नाही! आत्ता काय दाखवलं मग?"

बोलले. अकरा वर्षांचं एकदम बोलले.

२४ फेब्रुवारी

क्लबचं पत्र. करार वाढवणार नाही. अकरा वर्षांना चार ओळी, आणि त्यातली एक कपाटाची किल्ली परत करण्याबद्दल! पिल्लूचा आकडा मात्र पुन्हा सहापट केलाय, नवी सांगत होती. सही करेल ती. करावीच. नवीला वीत शिकवून आले. आईनं पत्र दोनदा वाचलं आणि घडी घालून डब्यात ठेवलं.

२८ फेब्रुवारी

पिल्लूचा फोन. "राग गेलेला नाही हं, ताई." मग म्हणाली, सही केली नाही. दुसऱ्या क्लबात चाललीय. तिथे तिनं एकच अट घातलीय: चेंडू मी ढकलायचा.

मग एजंटनं फोन घेतला. माझा आकडा सांगितला. आजच्या पगाराच्या तिप्पट! फोन कानाला, आणि माझा दुसरा हात टेबलावर पेन शोधत होता. शप्पथ!

हात मागे घेतला. म्हटलं, "विचार करून सांगते."