मेमरी आत्ता घ्यावी की पुढच्या वर्षी

ती. ताईस,

धाकटीचा नमस्कार, आणि तुझ्या मांजरालाही (त्याला माझ्याबद्दल काही वाटत नाही हे ठाऊक असूनही).

आज सकाळी काही कारण नसताना आपली मागच्या दाराची पायरी आठवली. रविवारी संध्याकाळी आपण दोघी तिथे घरभराचे बूट पॉलिश करायला बसत असू. भांडण नको म्हणून तू सगळ्यांचे डावे बूट घ्यायचीस आणि उजवे माझ्याकडे ढकलायचीस. तुझा हात दांडगा. माझा ब्रश मऊ आणि लक्ष भलतीकडे. त्यामुळे सोमवारी शाळेत प्रार्थनेच्या रांगेत आपल्या घरातल्या प्रत्येकीचा डावा पाय आरशासारखा आणि उजवा पाय उसना आणल्यासारखा दिसे. चष्मेवाल्या सिस्टरांनी एकदा विचारलंही होतं, की तुमच्याकडे चिखल एकाच बाजूला असतो का. तू मान खाली घालून ‘हो सिस्टर’ म्हणालीस. खोटं बोलताना तुझ्याइतकं सज्जन तोंड मी अजून कुणाचं पाहिलेलं नाही.

तुझा गुडघा कसा आहे? डोळ्यांत थेंब घालतेस ना, की आयुष्यभर अख्ख्या वॉर्डाला औषधं वेळेवर पाजणाऱ्या मेट्रनबाईंना स्वतःची बाटली सापडत नाही? आम्ही इकडे ठीक आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. तू फोनवर रिपोर्टचं विचारलंस की दर वेळी मी दारावर कुणीतरी आलंय असं सांगून फोन ठेवला. दारावर कुणी नव्हतं. रिपोर्ट आले आहेत. ज्याची शंका होती तेच आहे, आणि जिथे होतं तिथे ते राहिलेलं नाही. आता पुन्हा कापाकापी करण्यात अर्थ नाही म्हणतात. गोळ्या दिल्या आहेत, त्या घेते. तोंडाला चव नाही, बाकी विशेष त्रास नाही. एवढं वाचून झालं की चष्मा पूस, घोटभर पाणी पी आणि पुढे वाच. कारण या पत्राचा विषय लॅपटॉप हा आहे, आणि त्यात मला तुझं मत हवं आहे.

तुला माझं काम ठाऊकच आहे. स्टुडिओत होते तोवर शिसपेन्सिलीनं निगेटिव्हवरच्या सुरकुत्या आणि मुरमं पुसली. स्टुडिओ बंद झाल्यावर तेच काम घरी लॅपटॉपवर करू लागले. लोक फाटके, डागाळलेले, पाण्यात भिजलेले फोटो आणून देतात आणि म्हणतात, आमचे आजोबा यात हसत होते, तसे करून द्या. (आजोबा हसत नसतात. मी हसवते.) तर गेल्या वर्षी कपाट आवरताना शाळेचा तो लांबलचक फोटो सापडला, सगळ्या शाळेचा, चटईसारखी गुंडाळी केलेला. गुंडाळीच्या घड्यांवर चिरा पडल्या आहेत, एका टोकाला बुरशी चढली आहे. माझ्या मनात आलं, जन्मभर दुसऱ्यांची माणसं नीट केली, आता गिऱ्हाइकानं न सांगितलेलं एक काम करावं. तो आठ तुकड्यांत स्कॅन केला. आता ते आठही तुकडे एकदम उघडून, एकमेकांना जोडून, चिरा बुजवायच्या. आणि इथेच लॅपटॉप मान टाकतो. तिसरा तुकडा उघडला की पडद्यावर ते चक्र फिरायला लागतं. मी तेवढ्यात चहा करते, पिते, कप विसळते. चक्र आपलं फिरतंच आहे. ओटा वीतभर आणि स्वयंपाक पन्नास माणसांचा, अशी त्याची गत आहे. ओटा मोठा करायचा म्हणजे मेमरी वाढवायची. बोटाएवढी पट्टी असते, तिला रॅम म्हणतात; लॅपटॉपच्या पोटात तिच्यासाठी दोन स्लॉट असतात, आणि माझ्या दोन्ही स्लॉटमध्ये जुन्या, पिटुकल्या पट्ट्या बसलेल्या आहेत.

मी लगेच दुकानात गेले होते, ही नोंद करून ठेव. दातांच्या दवाखान्याच्या जिन्याखाली एक दुरुस्तीवाला बसतो. आम्ही त्याला हवामानवाला म्हणतो, कारण त्याला काहीही विचारलं की तो आधी वर बघतो (वर जिन्याच्या पायऱ्या आहेत) आणि मग अंदाज सांगतो. गेल्या वर्षी तो म्हणाला, बाई, सध्या घेऊ नका, भाव उतरणार आहे. मी थांबले. भाव दुप्पट झाला. आता म्हणे मोठमोठ्या कंपन्या जगातली सगळी मेमरी उचलून नेतात, कारण त्यांना यंत्रांना विचार करायला शिकवायचं आहे. शिकवोत बिचारे. आपल्या सिस्टरांनी वर्गभर मुलींना विचार करायला शिकवलं ते एका खडूवर.

रिपोर्ट आल्यानंतर मी पुन्हा त्याच्याकडे गेले. त्याला काही ठाऊक नव्हतं. त्यानं वर पाहिलं आणि म्हणाला, ‘थांबा बाई. पुढचं वर्ष संपता संपता भाव धाडकन खाली येतो की नाही बघा. तुम्हाला कसली घाई आहे?’ ताई, मला त्या माणसाबद्दल इतकी माया वाटली की सांगता येत नाही. ज्यांना कळलं आहे ते सगळे हल्ली माझ्याशी, मी सामान बांधून दारात उभी असल्यासारखं बोलतात. हळू, गोड आणि एक डोळा घड्याळावर. माझं पुढचं वर्ष अखेरपर्यंत गृहीत धरणारा तो एकटाच निघाला, आणि त्याचा आजवर एकही अंदाज खरा ठरलेला नाही.

घरात तर ‘थांबणे’ हा आमच्या ह्यांचा धर्मच आहे. पंखा थंडीत घ्यायचा, स्वेटर उकाड्यात. आमचं लग्नसुद्धा घरभाडी उतरतील म्हणून लांबलं होतं (उतरली नाहीत. माणूस चांगला आहे पण कासवालाही वाट बघायला लावील असा आहे, हे तुझेच शब्द). तेव्हा मी मेमरीचा विषय काढला आणि ह्यांनी वर्तमानपत्रातून डोकं न काढता ‘पुढच्या वर्षी घेऊ’ म्हटलं, यात मला नवल वाटलं नाही. पण मी दुसऱ्या दिवशी पुन्हा काढला, तिसऱ्या दिवशी पुन्हा, आणि हे चिडले. ह्यांना चिडलेलं तू पाहिलं नसशील. ते फार हळू आवाजात चिडतात आणि भांडी जागच्या जागी लावायला लागतात. आज घेतली तर आपण मूर्ख ठरू, म्हणाले. पुढच्या वर्षी निम्म्यात मिळेल. पुढच्या वर्षी आपण दोघं जाऊन घेऊ. पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी, असं म्हणत सगळी ताटं फडताळात गेली, ओलीच. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की हा माणूस पैसे वाचवत नाही आहे. पट्टी आज घेणं म्हणजे डॉक्टरांचं म्हणणं कबूल करणं; आणि पुढच्या वर्षावर टाकणं म्हणजे पुढच्या वर्षी दुकानात मला बरोबर नेणं. त्याच आठवड्यात ते वाचनालयात जाऊन माझी तीन वर्षांची वर्गणी एकदम भरून आले. का, तर त्यात सवलत होती. (चौकशी केली. नव्हती.)

आता डॉक्टरांचं सांगते. तरुण आहेत, हात स्वच्छ, शर्ट स्वच्छ, बोलणं धुक्यासारखं. किती दिवस, हे विचारायला आमची दोघांचीही जीभ रेटत नाही, आणि मी आडून आडून विचारलं तर ते ‘बघूया’ म्हणतात, ‘प्रत्येकाचं वेगळं असतं’ म्हणतात, ‘सकारात्मक राहा’ म्हणतात. तुझ्या वॉर्डातून असे ‘बघूया’ किती गेले असतील, त्याचा अर्थ तू मला सांगू नकोस. मागच्या खेपेला त्यांनी नेहमीप्रमाणे विचारलं, अजून काही शंका? मी म्हटलं, एक आहे, पण औषधाची नाही. आणि मी त्यांना सगळं सांगितलं. लांब फोटो, आठ तुकडे, चक्र, हवामानवाला, आत्ताचा चढा भाव, पुढच्या वर्षअखेरीला होणारी घसरण. डॉक्टरांनी मन लावून ऐकलं. लॅपटॉप किती जुना आहे विचारलं. पेन खाली ठेवलं. माझ्या फायलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

‘घेऊन टाका,’ म्हणाले. ‘आत्ताच घ्या.’

इतक्या महिन्यांत त्या माणसानं उच्चारलेलं ते पहिलं सरळ वाक्य. बोलून झाल्यावर त्यांच्याही लक्षात आलं असावं, कारण कानाच्या पाळ्या लाल झाल्या आणि ते ड्रॉवरमध्ये काहीतरी शोधू लागले. मला त्यांचीच दया आली. आमचे हे उठले आणि छत्री शोधायला लागले. खुर्चीखाली पाहिलं, दाराआड पाहिलं, नर्सला विचारलं. आम्ही छत्री नेलीच नव्हती.

घरी येताना स्टॉपवर आम्ही दोन बस जाऊ दिल्या. हे रस्त्याकडे बघत होते. तिसरी बस दिसल्यावर म्हणाले, ‘त्याला कॉम्प्युटरमधलं काय कळतं?’ मी म्हटलं, काहीच नाही. मग आम्ही चढलो. जागा मिळाली, खिडकीशी मिळाली, पण मला बाहेर काय दिसलं ते विचारशील तर सांगता येणार नाही.

त्यानंतर मी मेमरीचा म सुद्धा काढला नाही. दोन तुकड्यांवर काम करत बसले. फोटो नाही झाला तर नाही झाला, पण ह्यांचं पुढचं वर्ष मी माझ्या हातानं काढून घेणार नाही, असं ठरवलं. आणि काल दुपारी हे बल्ब आणायला म्हणून निघाले, जाताना लॅपटॉपची पिशवी खांद्याला. बल्ब तिच्यात घालून आणायचा असेल, असं मी मनात म्हटलं. तासाभरानं घामाघूम होऊन आले, लॅपटॉप माझ्यासमोर ठेवला, आणि पाठ करून आल्यासारखं म्हणाले, ‘दोन जागा असतात त्यात. एकीत मोठी पट्टी घातली आहे. दुसरी पुढच्या वर्षी घेऊ. भाव उतरला की.’

मी म्हटलं, बरं.

निघालेली जुनी पट्टी त्यांनी चष्म्याच्या घरात ठेवली आहे. बल्ब आणला नाही, त्यामुळे हे पत्र मी खिडकीशी बसून लिहिते आहे. आता पाच तुकडे एकदम उघडतात. सहावा उघडला की पुन्हा तेच चक्र. म्हणजे अर्धवट का होईना, आम्ही मूर्ख ठरलो आहोत आणि अर्धवट शहाणेही. तर ताई, तुझं मत कळव: दुसऱ्या स्लॉटमधली पट्टीही आत्ताच बदलावी, की थांबावं?

तुझी,
धाकटी

ता. क. मत कळवू नकोस. दुसरा स्लॉट पुढच्या वर्षाचा आहे, त्याला मी हात लावणार नाही. आठ तुकडे रखडत, टप्प्याटप्प्यानं जोडेन. मला तुझ्याकडून हवं आहे ते वेगळंच. तू फोटोच्या शेवटच्या तुकड्यात आहेस, वरच्या रांगेत, आणि बुरशी नेमकी तुझ्या तोंडावर आहे. नाक आणि हनुवटी गेली. दुसरी कुणी असती तर शेजारणीची हनुवटी उसनी घेऊन भागवलं असतं, धंद्यात ते चालतं. तुझी मी मनानं काढून पाहिली, पुन्हा पुन्हा पाहिली. दर वेळी आईच होते. तेव्हा तू इकडे ये आणि माझ्यासमोर बस. गुडघा घेऊनच ये, ठेवायला इथे स्टूल आहे. भाव उतरायची वाट बघू नकोस.

ता. क. दुसरा. कुणाला काय, ते लिहून ठेवते, म्हणजे नंतर कुजबुज नको. ह्यांना सांगत नाही, ते ऐकताना भांडी लावतात. माझ्या पेन्सिली, बारीक ब्रश आणि भिंग समोरच्या घरातल्या चित्रं काढणाऱ्या मुलीला. वाचनालयाचं कार्ड तुला. तीन वर्षांत जेवढं होईल तेवढं वाच, मात्र पुस्तकांत समासात लिहू नकोस. मोठी छत्री हवामानवाल्याला, त्याच्या अंदाजांवर विसंबून राहायचं तर त्याला ती लागेल. डॉक्टरांना काही नको. पुरा झालेला फोटो दाखवावा, आणि पट्टी चांगली निघाली असं सांगावं. लॅपटॉप ह्यांचा. दुसरी पट्टी त्यांना हवी तेव्हा घेऊ दे, कितीही वर्षं थांबू दे, कुणी घाई करू नये.

मेमरीचं बिल तुला. पट्टीवर आजन्म वॉरंटी आहे, पण बिलावर ज्याचं नाव त्याच्या हयातीपुरती. ह्यांनी माझं नाव घातलं होतं. आज सकाळी मी जाऊन ते खोडायला लावलं आणि तुझं घालायला सांगितलं. हवामानवाल्यानं माझ्याकडे पाहिलं, वर पाहिलं नाही, आणि पहिल्यांदाच काही अंदाज न सांगता नवं बिल फाडून दिलं. ते सोबत जोडलं आहे. नीट जपून ठेव ताई, आणि इतकी जग की कंपनीला पस्तावा व्हावा.