बुरशीच्या कात्र्या

एस्पो, ३ मे

ती. हिल्कामावशीस,
सा. न. वि. वि.

तुझी बोटं कशी आहेत? माझं डोकं ठिकाणावर नाही. तुझ्या सुजलेल्या सांध्यांसाठी दवाखान्यात जे इंजेक्शन देतात, त्यातली प्रतिपिंडं प्राण्यांच्या पेशींत वाढवतात. फार नाजूक, खर्चिक काम. आमची हिरवी बुरशी तीच प्रतिपिंडं टाकी भरभरून देईल म्हणून मी तीन वर्षं तिच्यामागे आहे. ती देतेही गं! पण स्वतःच कातरून टाकते. तिच्या पाचक रसांच्या आठ कात्र्या आम्ही जनुकं बंद करून काढून घेतल्या, तरी सातव्या दिवशी टाकी उघडावी तर आत तुकडेच. प्राध्यापक तावेला म्हणाले, महिनाअखेर अखंड प्रतिपिंड दिसलं नाही तर काम बंद. टाक्या सांभाळणारा एल्यास मला रोज कॉफी आणून देतो आणि चकार शब्द बोलत नाही.

माया असू दे, रागावलीस तरी चालेल.
तुझी रडवेली,
साइमी

कुह्मो, ९ मे

चि. साइमीस अनेक आशीर्वाद.

रडणं पुरे. मी चाळीस वर्षं वीलीचं दही लावतेय. त्या दह्यावर मखमलीसारखी बुरशी धरवते, मला कुणी डॉक्टरेट दिली नाही! पण दोन दिवसांत खायचा वाडगा आठवडाभर ठेवला तर कडू होणार, एवढं कळतं. तू सातव्याच दिवशी का बघतेस? चौथ्या दिवशी बघायला काय धाड भरलीय? आणि तिला शेवटपर्यंत खायला घालतेस ना, की उपाशी ठेवून वर तिलाच नावं ठेवतेस?

बोटं आहेत तशीच. बटणं शेजारीण लावून देते आणि गावभर सांगते.

न बोलणारा माणूस रोज कॉफी आणतो, म्हणजे तो बोलतोच आहे, वेडाबाई.

जिव्हाळा कळवत जा, बातम्याही.
तुझी मावशी

एस्पो, २९ मे

ती. मावशीस,
सा. न. वि. वि. (खरोखरच लोटांगण!)

रोज किती झालं ते मोजत होतो. अखंड आहे का, ते मात्र शेवटीच बघायचो. आता रोज बघितलं. चौथ्या दिवसापर्यंत अखंड! मग साखर संपते, बाईसाहेब उपाशी पडतात आणि उरल्यासुरल्या कात्र्या बाहेर काढतात. एल्यासनं साखर थेंबाथेंबानं चालू ठेवली आणि पाचव्या दिवशीच टाकी उतरवली. तपासणीत एकच जाड निळी रेघ, एकही तुकडा नाही! तावेलांचा विश्वास बसेना. तपासणी तीनदा करायला लावली, तिन्ही वेळा तेच. मग ते म्हणाले, काम चालू, आणि चक्क हसले.

मी एल्यासला मिठी मारली. सगळ्यांसमोर. सोडायचं विसरले. तो म्हणाला, कॉफी थंड होतेय. मग म्हणाला, होऊ दे.

लोभ कर, जरा जास्तच कर.
तुझी उडणारी,
साइमी

कुह्मो, ४ जून

चि. साइमीस अनेक आशीर्वाद आणि एक धपाटा.

तुझं पत्र सौनाच्या वाफेत बसून सगळ्याजणींना मोठ्यानं वाचून दाखवलं. मिठीचा भाग दोनदा. घामानं शाई पसरली.

दवाखान्यातली नर्स म्हणते, टाकीतून सुईत यायला दहा वर्षं तरी लागतील. येऊ दे सावकाश, चोख येऊ दे. मी एकाहत्तरची आहे, माझी आई शहाण्णव वर्षं जगली. एक्क्याऐंशीव्या वर्षी दहाही बोटांनी कांतेलेच्या तारा छेडीन. पण तुझ्या लग्नासाठी मी दहा वर्षं थांबणार नाही. तिथे एका बोटानं वाजवीन, आणि तुम्ही दोघं मुकाट्यानं नाचायचं.

त्या मुक्यालाही माझे आशीर्वाद.
तुझी मावशी