उशाखालचं लोखंड

७ जानेवारी, मंगळवार

मागवला एकदाचा! घडीचा चाकू. एवढ्या पैशात चांगला मिक्सर आला असता. असो. मिक्सर उशाखाली ठेवता येत नाही.

लेकीला, नूपुरला, आठवा लागलाय. मागच्या खेपेचं बाळ हॉस्पिटलातच गेलं, त्याची पाचवीसुद्धा पुजली नाही. तेव्हा बाळंतिणीच्या उशाखाली लोखंड नव्हतं. कोण ठेवू देणार? आमच्यात बाळंतिणीच्या उशाला कोयता असतोच. माझ्या आईने माझ्या उशाला ठेवला होता, तिच्या आईने तिच्या. गावच्या घरी तो अजून आहे — हातभर लांब! तो घेऊन दादरच्या त्या चकचकीत हॉस्पिटलात शिरले तर आधी मलाच बांधून ठेवतील. म्हणून घडीचा. मिटला की मुठीत मावतो.

शेजारची शकू म्हणाली, "माझो अडकित्तो घेवन जा गो." मनाची चांगली आहे. पण उसनं लोखंड चालत नाही, आपल्या घरचंच लागतं. फुटपाथवर घडीचे चाकू मिळतात, ते गुंडांच्या खिशातले! माझ्या नातवंडाच्या उशाला तसला ठेवू? फोनवर सगळ्यात महागडा होता तोच निवडला. फोटोत पातं काळंभोर, अगदी जुन्या कोयत्यासारखं. एवढा महाग म्हणजे अस्सलच असणार.

नूपुरला अजून सांगितलेलं नाही. चिडेल.

१० जानेवारी, शुक्रवार

आज येणार होता. नाही आला. दारावर तीनदा बेल वाजली, तिन्ही वेळा भलतंच कोणीतरी!

११ जानेवारी, शनिवार

आला. पार्सल हातात घेतलं आणि दारातच दोनदा तोलून पाहिलं. पोस्टात सगळी नोकरी पार्सलं तोलण्यात गेली, वजन माझ्या हाताला कळतं. हे तर बिस्किटाच्या पुड्याएवढं!

तरी रीत सोडली नाही. चाकू खोक्यातून काढला, देवापुढे ठेवला, हळदकुंकू वाहिलं, आणि मग उघडून पाहिला. उघडताना टिक् — खेळण्यातल्यासारखा आवाज. पातं काळं, पण तो नुसता रंग. फ्रिजवरचा गणपती काढला, त्याच्या पाठीला लोहचुंबक आहे. पात्याला लावला, घसरून पडला. पुन्हा लावला. पुन्हा पडला!

मग चष्मा लावून खोक्यावरचं बारीक इंग्रजी वाचलं. टायटॅनियम. कधीही गंजणार नाही. म्हणजे लोखंड नाहीच! हे आधी वाचायला काय झालं होतं मला? किंमत तेवढी नीट वाचली.

शकूने हातात घेऊन उलटसुलट केला. "जेका गंज येणा नाय, ता लोखंड कसला गो?" तिच्यावरच डाफरले. बिचारी गेली घरी.

१३ जानेवारी, सोमवार

कंपनीला फोन. कुठली तरी मुलगी, हिंदीत गोड गोड. "मॅडम, ये तो लोहे से भी अच्छा है!"

"अच्छा नहीं चाहिए, लोहा चाहिए!"

तिने तक्रार लिहून घेतली. मग म्हणाली, फोटो पाठवा. पाठवला. संध्याकाळी उत्तर आलं — वस्तू वापरलेली आहे, पात्यावर आणि मुठीवर लाल डाग आहेत, सबब परत घेता येणार नाही.

लाल डाग! अरे, कुंकू आहे ते! काय वाटलं त्यांना, मी कोणाचा मुडदा पाडला? पुन्हा फोन केला तर नुसतं संगीत वाजत राहिलं. ओलं फडकं घेऊन पुसत बसले. वरचं निघालं, बिजागरीत गेलेलं निघेना.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

गिरगावात नूपुरकडे जाऊन आले. खरं तर जायला नको होतं.

तिळगुळाचा डबा काढताना पिशवीतून चाकू पडला. विहंगरावांनी उचलला, दोनदा उघडझाप केली. "आई, ह्याने सटवाईला घाबरवायचं की सफरचंद कापायचं?" जावई लाख माणूस आहे, पण हसल्याशिवाय त्यांना घास गिळत नाही. देवाचं म्हणा, डॉक्टरांचं म्हणा, सगळ्यावर कोटी तयार! मलाही थोडं हसू आलं.

नूपुर हसली नाही. पाय सुजलेत तिचे, तोंडही सुजल्यासारखं वाटलं. स्वयंपाकघरात मला गाठलं. "मागच्या वेळी उशाखाली काही नव्हतं म्हणून बाळ गेलं, असं म्हणायचंय का तुला?"

मी तसं कधी म्हटलेलं नाही! कधीच नाही! पण तिच्यासमोर मी तिळगुळाचा डबाच पुढे केला. तिने तिळगूळ घेतला, नमस्कारही केला, पण तोंडाकडे पाहिलं नाही. बसमध्ये रडू आवरेना. शेजारच्या बाईने पाण्याची बाटली पुढे केली.

१६ जानेवारी, गुरुवार

नूपुरला ॲडमिट केलंय. प्रेशर खूप वाढलं. विहंगराव म्हणतात, काळजीचं काही नाही. म्हणजे आहे.

१७ जानेवारी, शुक्रवार

मुलगी झाली! आठव्यातच काढावी लागली. नूपुर शुद्धीवर आहे. थकलीय, पण बरी आहे. देवा, एवढं तरी दिलंस.

बाळाला पेटीत ठेवलंय. काचेबाहेरून दाखवली. नाकात नळी, पावलं माझ्या अंगठ्याएवढी. रडत होती म्हणे, मला ऐकू आलं नाही. डॉक्टरीणबाईंना विचारलं, वाचेल ना? म्हणाल्या, बघू या. बघू या म्हणजे काय? हिलाही तेच म्हणतात, मागच्या बाळालाही तेच म्हणत होते!

१९ जानेवारी, रविवार

काय करून बसले मी!

लोखंडाचा दुसरा शोधायला वेळ कुठे होता? म्हटलं, हाच नेऊ. धार तर आहे! देवी काय लोहचुंबक घेऊन येणार आहे? रुमालात गुंडाळला, पेजेच्या डब्याखाली घातला. गेटवर रखवालदाराने पिशवी उघडायला लावली. "आजी, ये क्या है?" त्याने रुमाल सोडला, चाकू उघडला, त्याला बिजागरीतला तो लाल रंग दिसला आणि तो मागेच सरकला. दुसऱ्याला हाक मारली. माणसं जमली. बाळंतिणीला भेटायला आलेली बाई आणि पिशवीत रक्ताचा चाकू! मी कुंकू कुंकू म्हणतेय, ऐकतो कोण?

विहंगरावांना खाली बोलावलं. त्यांनी माफी मागितली, चाकू गेटवरच ठेवून घेतला, मला वर नेलं. लिफ्टमध्ये मजल्याच्या आकड्यांकडे बघत राहिले. कोटी नाही, काही नाही. दाढी वाढलीय त्यांची.

नूपुरला आधीच कळलं होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं. हळूच म्हणाली, "आई, तू उद्यापासून येऊ नकोस. तुझी भीती मला बघवत नाही. माझी मलाच पुरे आहे."

पेज तिथेच ठेवून निघाले. काळाचौकीपर्यंत, घरापर्यंत चालत आले. बस-टॅक्सी काही सुचलंच नाही. लेकीच्या बाळंतपणात आईला दार बंद! आणि चूक माझीच, म्हणून कोणाशी भांडताही येत नाही.

२० जानेवारी, सोमवार

गेले नाही. सकाळी विहंगरावांचा मेसेज — बाळाने दूध दोन थेंब घेतलं. तो शकूला वाचून दाखवला, मग पुन्हा एकटीने वाचला. नूपुरसाठी डिंकाचे लाडू करायला घेतले. डिंक करपला. टाकला, पुन्हा तळला.

दुपारनंतर मेसेज नाही.

उद्या पाचवी. पूजा कुठली आणि काय! शकू म्हणते, मनातल्या मनात कर. मनात तर दुसरं काही चाललेलंच नाही. पण कबूल केलंय स्वतःशी — नूपुर नको म्हणतेय ना, मग लोखंडाचं नावसुद्धा काढायचं नाही. पोरगी घरी येऊ दे, बस्स.

२१ जानेवारी, मंगळवार

विहंगरावांचा फोन. "आई, तुमच्याकडे खरं लोखंड काही आहे का? असेल ते घेऊन या. गेटवर मी उभा राहतो." आवाज त्यांचा वाटेना. हेच ऐकायला मी इतके दिवस तडफडत होते. ऐकलं आणि वाटलं, हे ऐकायलाच नको होतं. डॉक्टर काय म्हणाले, ते विचारायचा धीर झाला नाही.